दुपारची ऊब पहाटेपर्यंत कशी टिकवाल?

थंडीची लाट आली की परभणी, नांदेड, हिंगोलीकडे पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. त्याच दिवशी दुपारी अंगणात मात्र 27-28 अंश असतात. मराठवाड्यातली थंडी अशी रात्रीपुरतीच असते. म्हणून हीटर विकत घेण्याआधी दुपारची फुकटची ऊब घरातून नेमकी कुठून निसटते, ते शोधावं.

हिशोब सोपा आहे. 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत साधारण 40 किलो हवा मावते. ती 5 अंशांनी तापवायला 0.06 युनिट पुरतं, म्हणजे 2000 वॉटच्या हीटरचं दोन मिनिटांचंही काम नाही. तरी हीटर रात्रभर चालवावा लागतो आणि 8 तासांत 16 युनिट जळतात, कारण तापलेली हवा फटींतून आणि तिची ऊब छतातून निघून जात असते.

सगळ्यात जास्त ऊब पत्रा घालवतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा उष्णता अडवतही नाही आणि साठवतही नाही. आत-बाहेर 8 अंशांचा फरक असला, तर 120 चौरस फूट पत्र्यातून तासाला अर्ध्या युनिटइतकी उष्णता जाते. त्यात आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मग स्वयंपाकाची आणि श्वासाची वाफ त्याला आतून लागते आणि पहाटे अंथरुणावर थेंब टपकतात. जुन्या माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट छतावर, मातीचा चांगला फूटभर थर असे, त्यामुळे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. 4-5 इंची स्लॅब या दोहोंच्या मधला: संध्याकाळी ऊब देतो, मध्यरात्रीनंतर गार पडतो.

पत्र्यावर खरा इलाज म्हणजे खालून छत. पत्र्याखाली 2 ते 4 इंच पोकळी सोडून 1 इंच जाडीची थर्माकोल शीट आणि तिच्याखाली जिप्सम बोर्ड बसवला की छतातून जाणारी उष्णता एक पंचमांशाच्या आसपास येते. बिघडतं ते बहुतेक वेळा जोडांवर. शीटचे जोड उघडे राहिले की ओलसर हवा वर जाते, पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि ते बोर्डावर साचून डाग पडतात. म्हणून प्रत्येक जोडावर टेप हवीच. थर्माकोल उघडा ठेवू नये, तो झटकन पेटतो. वायरिंग पाइपातून न्यावं आणि चुलीच्या खोलीत थर्माकोलऐवजी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली न पेटणारी लोकर, वापरावं. याच छताने मे महिन्यातला तापही अडतो, म्हणून थंडीसाठीच्या खर्चात मला हाच पहिला वाटतो.

तेवढा खर्च झेपत नसेल, तर उन्हाळ्यात पत्र्यावर टाकतात तशा तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कापसाच्या वाळक्या काड्या) थंडीतही चालतात. रात्री पत्र्याची उष्णता आकाशाकडे जाते ती त्या अडवतात. दुपारचं ऊनही अडतं खरं, पण पत्रा ती ऊब रात्रीपर्यंत राखतच नाही, त्यामुळे फारसा तोटा नाही. धुराड्याजवळ मात्र एकही काडी नको, आणि उंदरांकडे लक्ष ठेवावं लागतं.

आता फटी. तीन फुटी दाराखाली एक इंचाची फट म्हणजे 36 चौरस इंच, भिंतीला 6 बाय 6 इंचांचं भोकच. पण आधी वरच्या फटी बुजवाव्यात: पत्रा भिंतीवर टेकतो तिथे पन्हळींखाली उघड्या जागा राहतात. हलकी झालेली ऊबदार हवा तिथून बाहेर पडते आणि तिच्या जागी दाराखालून गार हवा ओढली जाते. वर सिमेंट-वाळू भरावी, दाराला रबरी पट्टी किंवा जुन्या लुगड्याची वळकटी लावावी. गॅस, चूल किंवा गॅस गिझर असलेल्या खोलीचा झरोका मात्र बुजवू नये.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं तर जिवावरच बेततं. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. 11 ते 4 पडदे सारून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाचच्या आत घट्ट लावाव्यात. 9 इंची विटेच्या भिंतीवर बाहेरून पडलेलं ऊन सात-आठ तासांनी आत जाणवतं.

अंथरुणात लोक वाकळीवर वाकळ घेतात, पण खाली एखादीच पातळ चटई असते. अंगाखाली कापूस दबला की त्यातली हवा निघते आणि शहाबादी फरशी ऊब ओढून घेते. अंगावरची एक वाकळ कमी करून खाली घोंगडी अंथरावी.

हीटर नसलेल्या घरात थंडीची जास्तीची वीज मुख्यतः पाणी तापवण्यावरच जाते. खोल बोअरचं पाणी बाराही महिने 25 अंशांच्या आसपास असतं. तेच रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिलं, तर कडक थंडीत दहाएक अंशांनीही उतरू शकतं. 20 लिटरच्या बादलीमागे या फरकाची किंमत 0.23 युनिट, म्हणजे चार जणांच्या आंघोळीला जवळपास एक युनिट. तेव्हा मोटार संध्याकाळऐवजी सकाळी लावावी आणि बादल्या थेट बोअरच्या नळाखाली भराव्यात.