गाण्यांच्या चित्रफितींतील मोटारी आणि मोटारसायकली (बेळगाव सीमाभाग)

ज्या गाण्याच्या चित्रणात मोटार, मोटारसायकल, जीप, रिक्षा किंवा ट्रॅक्टर हे नुसते येण्याजाण्याचे साधन न राहता पात्राचा स्वभाव, प्रसंग किंवा गाण्याची लय यांच्याशी बांधलेले असते, अशा चित्रणांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. नोंदीचा रोख कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागावर, म्हणजे मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि कागवाड या तालुक्यांतील मराठी भाषकांवर आहे. येथील प्रेक्षकाकडे हिंदी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतील गाणी लहानपणापासून येतात आणि त्यांपैकी एखाद्या भाषेतील शब्द त्याला अर्धेमुर्धेच कळतात. गाडी मात्र पूर्ण कळते. बुलेटवरून येणारा, ट्रॅक्टर हाकणारा आणि उघड्या मोटारीतून हात हलवणारा ही तीन वेगळी माणसे आहेत, हे सांगायला ओळीचा अर्थ लागत नाही. सीमाभागात वाहनांची गाणी इतकी घट्ट रुजली, याचे मोठे कारण हेच असावे.

चित्रपटगीतांची परंपरा : हिंदी चित्रपटात मोटारीला पात्राचा मान मिळाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘चलती का नाम गाडी’ (१९५८). अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार या सख्ख्या भावांसोबत त्यात १९२८ची एक जुनी शेव्हरोले आहे, आणि ‘बाबू समझो इशारे’ या गाण्यात तिचा हॉर्न सचिनदेव बर्मन यांच्या चालीचाच भाग होतो. ‘आराधना’तील (१९६९) ‘मेरे सपनों की रानी’ हे दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीला समांतर धावणाऱ्या जीपचे गाणे आहे. जीपमध्ये राजेश खन्ना आणि सुजितकुमार आहेत. खिडकीतल्या शर्मिला टागोर मात्र त्या वेळी दार्जिलिंगला नव्हत्याच, त्यांचे तुकडे मुंबईच्या स्टुडिओत मागे पडद्यावर देखावा सोडून घेण्यात आले. दोन ठिकाणची दृश्ये एकमेकांकडे पाहत आहेत असे भासवण्याचे काम येथे जीपच्या आणि रुळाच्या समांतर वेगाने केले आहे.

मोटारसायकलीच्या गाण्यांत ‘अंदाज’मधील (१९७१) ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ हे अग्रस्थानी मानावे लागते. राजेश खन्ना आणि मागे हेमामालिनी, मोकळा रस्ता आणि किशोरकुमारांची यॉडलिंगची लकेर, एवढ्यावर ते उभे आहे. याच चित्रपटात पुढे तो नायक मोटारसायकलच्या अपघातात मरतो. गाणे पाठ असणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते आठवत नाही, हा लोकप्रियतेचा एक विचित्र न्याय आहे. ‘मुकद्दर का सिकंदर’च्या (१९७८) शीर्षकगीतात अमिताभ बच्चन मुंबईच्या रस्त्यांवरून मोटारसायकल हाकत जातो आणि हसत हसत मरणाचे तत्त्वज्ञान गातो.

या सर्वांत कर्नाटकाच्या मातीशी थेट संबंध असलेले गाणे ‘शोले’मधील (१९७५) ‘ये दोस्ती’ हे होय. चित्रपटाचे रामगढ बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील रामनगरच्या खडकाळ परिसरात उभारले होते. गाण्यातील गाडी ही बाजूला साइडकार जोडलेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बीएसए बनावटीची मोटारसायकल आहे. मध्येच साइडकार सुटते, एकटी आपल्या वाटेने जाते आणि पुन्हा येऊन मिळते. राहुलदेव बर्मन यांची चाल आणि किशोरकुमार व मन्ना डे यांचे आवाज यांच्याइतकाच हा खेळ लोकांच्या लक्षात राहिला. मैत्री म्हणजे काय, हे आनंद बक्षींच्या शब्दांआधी तीन चाकांनी सांगून टाकले आहे. सीमाभागात आजही दोन मित्रांच्या वाढदिवसाच्या चित्रफितीला हेच गाणे लावतात, आणि साइडकार न मिळाल्यास स्कूटरवर भागवतात.

त्यानंतरच्या काळात ‘दिल चाहता है’ (२००१) या चित्रपटाच्या शीर्षकगीताने उघड्या टपाच्या मर्सिडीजमधून मुंबईहून गोव्याला जाणारे तीन मित्र दाखवले आणि गोव्याच्या सहलीला एक ठरावीक दृश्यरूप दिले. चोर्ला घाटाने गोवा गाठणाऱ्या बेळगावच्या तरुणांना ते दृश्य अर्थातच जवळचे वाटले. मर्सिडीजच्या जागी भाड्याची जीप आली एवढेच. ‘धूम’ने (२००४) सुझुकी हायाबुसासारख्या अतिवेगवान दुचाकी घरोघरी पोहोचवल्या. त्या गाण्यांतील गाडीला स्वभाव मात्र नाही, फक्त वेग आहे.

मराठीत ‘सैराट’ने (२०१६) समीकरण उलटे केले. आर्ची बुलेट चालवते आणि ट्रॅक्टरही चालवते, आणि नायक पाहत राहतो. अजय-अतुल यांच्या गाण्यांच्या जोडीने हे चित्र सीमाभागात वेगाने पसरले. पुढच्याच वर्षी ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) ही त्याची कन्नड आवृत्ती आली आणि तिच्यातही नायिका रिंकू राजगुरूच होती. एकाच मुलीची एकच कथा दोन भाषांत पाहण्याचा योग बेळगावसारख्या दुभाषी शहराला फारसा येत नाही.

कन्नड गाण्यांचा वाटा : मराठी भाषकांनाही कन्नड चित्रपटांची गाणी बाजारात, एसटीत आणि लग्नाच्या मंडपात ऐकू येतात. शंकर नाग यांचा ‘ऑटो राजा’ (१९८०) रिक्षाचालकांनी आपला मानला, आणि रिक्षांच्या मागे त्यांचे चित्र लावण्याची पद्धत पुढे कर्नाटकभर पसरली. रविचंद्रन यांच्या ‘प्रेमलोक’ (१९८७) या चित्रपटात हंसलेखा यांच्या गाण्यांसोबत मोटारसायकल ही नायकाच्या प्रतिमेचा भाग झाली. अलीकडच्या काळात उत्तर कर्नाटकाच्या जानपद, म्हणजे लोकगीतांच्या धाटणीच्या, गाण्यांची एक स्वतंत्र लाट यूट्यूबवर उभी राहिली आहे. ट्रॅक्टर, ऊस, ड्रायव्हर आणि त्याचे प्रेम हे तिचे ठरलेले विषय आहेत. मालू निपनाळ यांचे ‘ना ड्रायव्हरा’ हे गाणे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. चिकोडी-अथणी पट्ट्यात साखर कारखान्यांच्या हंगामात डबल ट्रॉली भरून रात्रभर रांगेत उभे राहणारे ट्रॅक्टर ज्याने पाहिले आहेत, त्याला या गाण्यांतील ड्रायव्हर कुठून आला ते सांगावे लागत नाही. या गाण्यांवर मराठी पोरे तितक्याच मोकळेपणाने नाचतात.

परदेशी चित्रफिती : अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि गाण्याची चित्रफीत हा स्वतंत्र प्रकार म्हणून स्थिरावला. झी झी टॉप या गटाने १९८३-८४ मध्ये आपल्या तीन चित्रफितींत १९३३ची लाल फोर्ड कूप वापरली. गाडी येते, अडलेल्या माणसाचे काम करून देते आणि निघून जाते. रेडिओहेडच्या ‘कर्मा पोलीस’मध्ये (१९९७) प्रेक्षक रात्री पळणाऱ्या माणसाचा पाठलाग करणाऱ्या मोटारीच्या आतूनच सारे पाहतो. एम.आय.ए. यांच्या मोरोक्कोत चित्रित ‘बॅड गर्ल्स’मध्ये (२०१२) मोटारी दोन चाकांवर तिरप्या धावतात. ओके गो या गटाने त्याच वर्षी मोटारीला बाहू बसवून वाळवंटी वाटेवर मांडलेली हजाराहून अधिक वाद्ये धावत्या गाडीने वाजवली, म्हणजे येथे वाहन हेच वादक झाले. नव्वदीच्या दशकात केबल आल्यावर यांतील काही चित्रफिती बेळगावातही दिसू लागल्या. इथल्या निर्मितीवर त्यांची छाप अंधुक आहे आणि पंजाबी गाण्यांतल्या जीप-ट्रॅक्टरची छाप कितीतरी अधिक.

स्थानिक चित्रण : स्वस्त कॅमेरे आणि पुढे मोबाइल हाती आल्यापासून सीमाभागात ‘आल्बम साँग’, लग्नापूर्वीचे चित्रण, गणेशमंडळाचे किंवा शिवजयंतीचे गाणे आणि वाढदिवसाची रील असे चार प्रकार मोठ्या प्रमाणात होतात, आणि चारही ठिकाणी गाडी असतेच. येळ्ळूरचा राजहंसगड, राकसकोप धरणाचा परिसर, जांबोटीकडील झाडीतला रस्ता, हिडकल जलाशय आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील वंटमुरी घाट ही नेहमीची स्थळे. शिवजयंतीला बेळगावात निघणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीत ट्रक-ट्रॅक्टरवर सजीव देखावे उभे राहतात. चालत्या वाहनावर प्रसंग रचण्याची ही जुनी सवय चित्रफितींच्या कामी आली असल्यास नवल नाही.

रीत साधी असते. नायक बुलेटवर, त्याच्या पुढे दुसरी दुचाकी आणि तिच्या मागच्या सीटवर उलट तोंड करून बसलेला कॅमेरामन, त्याच्या मांडीवर गाणे वाजवणारा ब्लूटूथचा डबा, कारण इंजिनाच्या आवाजात ओठ जुळवायला गाणे ऐकू तर यायला हवे. संथ गतीचे दृश्य हवे असेल तर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात आणि नायक त्याच घाईने ओठ हलवतो. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी टिपतो आणि पुढे त्या २४च्या वेगाने दाखवल्या की ओठ मूळ गाण्याशी जुळतात. ओढणी, केस आणि धूळ मात्र तरंगत राहतात. ही युक्ती मोठ्या चित्रपटांतलीच आहे. प्रत्यक्ष चित्रणाच्या जागी मात्र ती पाहणाऱ्याला हसू येते, कारण एरवी रुबाबात बसलेला नायक त्या क्षणी भराभर बडबडल्यासारखा दिसतो.

वाहनांच्या निवडीत बुलेटला तोड नाही. भारतीय लष्कराच्या मागणीतून आलेल्या या गाडीचे उत्पादन १९५५ मध्ये मद्रासमध्ये सुरू झाले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात ती कॅम्पातल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. तिच्या एका सिलिंडरचा सावकाश ठोका संकलक गाण्याच्या सुरुवातीला, वाद्ये लागण्याआधी ठेवतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असे. चित्रफितीत नायकाचा डावा पाय गिअर शोधताना दिसला, की गाडी दुसऱ्याकडून उसनी आणलेली आहे हे जाणकार ओळखतो. त्याखालोखाल मान पूर्वी म्हैसूरमध्ये तयार होणाऱ्या जावा-येझदी आणि १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स १०० या गाड्यांना आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांत इंजिनांचे क्रँकशाफ्ट आणि ओतीव भाग मोठ्या प्रमाणावर बनतात. तरी या शहराच्या चित्रफितींत फक्त टाकी, आरसा आणि हँडल दिसते, ज्यावर गावाचे पोट भरते ते इंजिन कुणी उघडून दाखवलेले नाही.

सीमाभागातील चित्रणाची खास खूण म्हणजे नंबरपट्टी. बेळगावची केए २२, चिकोडीची केए २३, गोकाकची केए ४९. पलीकडे कोल्हापूरची एमएच ०९, सांगलीची एमएच १०, सिंधुदुर्गाची एमएच ०७. गाणे मराठी, फेटा कोल्हापुरी आणि पुढे केए २२, ही जुळणी येथे रोजची आहे. अनेक चित्रफितींत पट्टीवर मुद्दाम कॅमेरा नेलेला असतो. आपण कुठले, हे गाण्यात एक ओळ न घालता सांगण्याचा तो मार्ग आहे, आणि भाषेवरून तापणाऱ्या भागात तो शहाणपणाचाही आहे. पट्टीवरील अक्षरे देवनागरीत किंवा कन्नडमध्ये रंगवणे केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही. त्यामुळे भाषेचा अभिमान पट्टीवरून खाली उतरून मडगार्डवर आणि मागच्या काचेवर येतो.

कायदा आणि अडचणी : नायकाचा चेहरा दिसावा म्हणून हेल्मेट काढले जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालक व मागे बसणारा या दोघांनाही ते सक्तीचे आहे. चित्रण चालू आहे ही सबब रस्त्यावर चालत नाही. पुंगळी (सायलेन्सर) काढून किंवा बदलून आवाज वाढवणे, एक चाक उचलणे, महामार्गावर दोन गाड्या समांतर चालवणे यांवर धोकादायक वाहनचालन व बेकायदा फेरफार यांखाली कारवाई होऊ शकते, आणि पुरावा म्हणून आरोपीने स्वतःच टाकलेली रील पुरेशी ठरते. ड्रोनचे चित्रण आणखी जिकिरीचे आहे. सांबऱ्याचा विमानतळ व हवाई दलाचे तळ आणि शहरातील छावणी यांमुळे बेळगावभोवतीचा बराच भाग परवानगीशिवाय उडवण्याजोगा नाही. म्हणूनच वरून घेतलेली दृश्ये बहुधा खानापूर किंवा हुक्केरीकडे घेतलेली असतात आणि शहराची म्हणून जोडली जातात.

जतनाची स्थिती वाईट आहे. व्हीसीडीवर निघालेले गाण्यांचे आल्बम तबकड्यांवर ओरखडे पडून गेले, लग्नाच्या कॅसेटना बुरशी लागली, आणि मोबाइलवरच्या रील खाते बंद होताच नाहीशा होतात. चित्रा, प्रकाश, ग्लोब अशा चित्रपटगृहांत ज्यांनी ‘शोले’ पाहिला, त्यांच्या पिढीला पडद्यावरची गाडी सहज सापडते. स्वतःच्या वरातीतली सजवलेली फियाट मात्र आता छायाचित्रातच उरली आहे.