पन्नास लाखांची अट आणि चौदा दिवसांची हजेरी

पुण्याला साथ नवी नाही. 1896-97 च्या प्लेगातून आला तो 1897 चा साथरोग कायदा. त्यात अधिकाऱ्यांना अधिकार भरपूर होते, राबणाऱ्या हातांसाठी मात्र काही नव्हते. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथेच झाला. तेव्हा चर्चा झाली ती मास्क आणि गोळ्यांची.

साथीत राबणाऱ्यांच्या हक्कांची खरी कागदपत्रे सुरू होतात ती 2020 पासून. 9 मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. महिनाअखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा जाहीर केला. पण तो कोविड रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्यांपुरता होता. घरोघर सर्वेक्षण करणारा शिक्षक, चौकातला पोलीस, कंटेनमेंट भागात पत्रे ठोकणारा बिगारी यांचे काय, हा प्रश्न उरला. त्याला उत्तर म्हणून राज्याने 29 मे 2020 चा शासन निर्णय काढला: साथीच्या कामावर असताना कोविडने मृत्यू आल्यास वारसांना 50 लाखांचे सानुग्रह सहाय्य. त्यात कंत्राटी, रोजंदारी आणि बाह्यस्रोतातले कर्मचारीही धरले होते. शासकीय कागदात हे सहसा दिसत नाही, त्याबद्दल श्रेय द्यायलाच हवे.

घोळ अटीत होता. रुग्णालयात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या 14 दिवसांत माणूस कामावर हजर असायला हवा. वरवर पाहता अट रास्त आहे. सरकारी पैसा आहे, संसर्ग कामावर झाला की घरी, हे कुठेतरी ठरवावे लागणारच. पण ताप अंगावर काढून मग सुट्टीवर गेलेला आणि तिसऱ्या आठवड्यात दाखल झालेला माणूस या मोजपट्टीत बसत नाही. शिवाय हजेरी सिद्ध करायची कशी? कायम सेवकाची नोंद कार्यालयात असते. आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे महापालिकेच्या सफाई केंद्रावरच्या, कंत्राटी झाडूवाल्याचे मस्टर (हजेरीपत्रक) ठेकेदाराकडे असते आणि ठेकेदाराला ते दाखवण्याची घाई नसते. हक्क देणारा निर्णय आणि पुरावा मागणारा कारकून यांच्यामध्ये वारस उभे राहतात. योजनेची मुदत पुढे वाढवली गेली. मला वाटते, मुदतीपेक्षा या एका अटीवर जास्त बोलायला हवे होते.

रजेचा प्रश्न त्यामानाने सरळ सुटला. जून 2021 मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम काढला: स्वतः बाधित झाल्यास 20 दिवसांपर्यंत परिवर्तित रजा (अर्धपगारी रजेच्या बदल्यात मिळणारी पूर्णपगारी रजा), आणि आईवडील किंवा अवलंबून असलेले कुटुंबीय बाधित असल्यास 15 दिवसांची विशेष नैमित्तिक रजा. जो रजेच्या खात्यावरच नाही, त्याला याचा उपयोग नव्हता.

साथ ओसरल्यावर वाद उपचारखर्चाकडे वळला. राज्य कर्मचाऱ्यांची प्रतिपूर्ती 1961 च्या नियमांनुसार होते: आधी स्वतः भरा, मग बिले जोडा. पुणे महापालिकेची आपल्या सेवकांसाठीची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना वेगळी आहे. पगारातून वर्गणी कापली जाते आणि बिलाचा मोठा हिस्सा महापालिका उचलते. तिच्या जागी विमा कंपनी आणण्याचा विचार पुढे आला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला. खर्च वाढतो आहे, हे प्रशासनाचे म्हणणे खोटे नाही. पण विमा कंपनीची पहिली विचारणाही कागदांचीच असते, हा अनुभव संघटनांना ताजा होता.