चित्रखेळ, आंतरजालावरील

चित्र किंवा फोटो नुसता पाहायचा नाही. त्याचे तुकडे करायचे, त्यात दडलेले काही हुडकायचे, तो कुठला ते ओळखायचे, नाहीतर त्यात भलतेच काही घुसडून दुसऱ्यापुढे टाकायचा. अशा सगळ्या खेळांना मिळून चित्रखेळ म्हणता येते. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर खेळले जात असले, तरी यांतले बहुतेक खेळ आंतरजालाहून पुष्कळ जुने आहेत. आंतरजालाने त्यांना दिला तो दुसरा गडी. एकट्याने वेळ घालवायची कोडी त्यामुळे चढाओढीची झाली, आणि एकाने काढलेला फोटो हा दुसऱ्याच्या डावातला पत्ता बनला.

यांत वडीलधारे म्हणजे तुकडे जोडण्याचे कोडे, अर्थात जिगसॉ. लंडनमध्ये नकाशे कोरण्याचे काम करणाऱ्या जॉन स्पिल्सबरी याने १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून तो कापला. मुलांना भूगोल शिकवावा, हा त्यामागचा हेतू. पडद्यावरच्या जिगसॉत कोणताही फोटो चढवून त्याचे हवे तेवढे तुकडे पाडता येतात. तुकडा योग्य जागेजवळ नेला की तो आपोआप चिकटतो. त्यामुळे चुकीचा तुकडा दाबून दाबून बसवण्याची लबाडी मात्र संपली. कोडे किती अवघड होणार, हे तुकड्यांच्या संख्येइतकेच फोटोवरही ठरते. निम्मा फोटो निरभ्र आकाशाने भरलेला असेल, तर कडेचे तुकडे लावून झाल्यावर उरते ती निव्वळ हमाली. ज्यात रंग आणि पोत जागोजागी बदलतात, तो फोटो खरा.

सरकत्या चौकटींच्या कोड्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. चार बाय चारच्या चौकटीत १ ते १५ आकड्यांच्या पंधरा सोंगट्या आणि एक रिकामी जागा, हे त्याचे मूळ रूप. त्या रिकाम्या जागेत सोंगट्या सरकवत आकडे ओळीने लावायचे. अमेरिकेत १८८०च्या सुमारास त्याचे वेड पसरले. हे कोडे सुचले नॉइस चॅपमन या पोस्टमास्तराला. श्रेय मात्र पुढे कोडीकार सॅम लॉइड याने स्वतःकडे ओढले. शेवटच्या दोन सोंगट्या, १४ आणि १५, अदलाबदल करून ठेवल्या तर हे कोडे कधीच सुटत नाही, आणि लोक तेच सोडवायला रात्री जागवत होते. सोंगट्या मांडण्याच्या जितक्या रीती आहेत, त्यांतल्या बरोबर निम्म्याच सुटण्याजोग्या असतात, हे गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केले होते. सुटण्याजोग्या मांडण्याही थोड्या नाहीत, सुमारे १० लाख कोटी आहेत. पण त्यांतली कोणतीही जास्तीत जास्त ८० सरकवण्यांत सुटते. म्हणूनच पडद्यावरचे कोडे तयार करणारा सोंगट्या वाटेल तशा फेकत नाही. पूर्ण चित्रापासून सुरुवात करून तो नियमाने सरकवत सरकवत ते विस्कटतो. सोंगट्यांवर आकड्यांऐवजी फोटो आला की आणखी एक पळवाट निघते. दोन चौकटी हुबेहूब सारख्या दिसत असतील, समजा दोन्हींत नुसते निळे आकाश असेल, तर न सुटणारी मांडणीही सुटते. त्या दोघींची अदलाबदल कोणाच्या लक्षातच येत नाही. जिगसॉत डोकेदुखी ठरणारे आकाश इथे असे उपयोगी पडते.

‘फरक ओळखा’ हा खेळ डोळ्यांचा वाटतो, पण त्यात खरी कसोटी लागते ती स्मरणाची. एका चित्रावरून दुसऱ्यावर नजर नेताना आधीच्या चित्राचा तपशील मनात फारसा टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रेन्सिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दोन जवळजवळ सारखे फोटो आलटून पालटून दाखवले आणि मध्ये क्षणभर कोरा पडदा ठेवला. मोठमोठे बदलही लोकांना बराच वेळ दिसले नाहीत. कोरा पडदा काढला, की तेच बदल झटकन डोळ्यांत भरतात, कारण बदलाच्या जागी हालचाल जाणवते. शेजारी शेजारी ठेवलेल्या चित्रांपुढे जाणते खेळाडू वेगळीच युक्ती करतात. डोळे किंचित तिरळे करायचे आणि दोन्ही चित्रे एकावर एक येऊ द्यायची. सारखा भाग स्थिर दिसतो. जिथे फरक आहे तिथे मात्र चित्र थरथरल्यासारखे, लुकलुकल्यासारखे दिसते. एकदा हे जमले की या खेळातली सगळी मजाच जाते, हा त्या युक्तीचा दोष.

दुसऱ्या गड्याचा सर्वांत कल्पक उपयोग झाला तो ‘ईएसपी गेम’मध्ये. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुइस फॉन आन आणि लॉरा डॅबिश यांचा हा खेळ. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना एकच चित्र दाखवले जाई. त्यांना बोलायला मुभा नसे. चित्र पाहून शब्द टंकायचे, आणि दोघांचा एखादा शब्द जुळला की गुण मिळत व पुढचे चित्र येई. अडीच मिनिटांत पंधरा चित्रे. समोरचा काय म्हणेल हे ताडायचे, तर चित्रात जे खरोखर आहे तेच लिहावे लागते. खेळाची गोम इथेच होती. संगणकाला त्या काळी चित्रातले कुत्रे ओळखता येत नव्हते, आणि जुळलेला शब्द म्हणजे चित्राला फुकटात मिळालेले लेबल. आधी जुळून गेलेले शब्द त्या चित्रासाठी वर्ज्य ठरत, म्हणून पुढच्या जोडीला आणखी बारकाईने पाहावे लागे. गूगलने २००६ मध्ये हीच कल्पना घेऊन स्वतःचा खेळ काढला आणि २०११ मध्ये बंद केला. खेळणाऱ्यांना मजा मिळाली, कंपनीला मजुरी न देता काम झालेले मिळाले. या सौद्यात कोणाचे किती हित झाले, यावर मते वेगवेगळी असू शकतात.

रस्त्यांच्या फोटोंतून उभा राहिलेला खेळ म्हणजे ‘जिओगेसर’. गूगलने २००७ पासून गाड्यांवर कॅमेरे बसवून रस्त्यांचे चौफेर फोटो काढायला सुरुवात केली. स्वीडनच्या आंतोन वालेन याने २०१३ मध्ये त्यांवर खेळ रचला. खेळाडूला जगातल्या कुठल्या तरी रस्त्यावर आणून सोडायचे आणि ‘आपण कुठे आहोत?’ एवढेच विचारायचे. नकाशावर खूण करायची. खूण जितकी जवळ तितके गुण जास्त, एका फेरीत जास्तीत जास्त ५,०००. नेहमीच्या डावात अशा पाच फेऱ्या असतात.

नवखा खेळाडू पाट्या शोधत पळतो. मुरलेला आधी वर पाहतो. भर दुपारी सूर्य उत्तरेकडे दिसत असेल, तर बहुधा आपण दक्षिण गोलार्धात आहोत. मग गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात, विजेचे खांब लाकडाचे की सिमेंटचे, कडेच्या खुंट्यांवर कोणत्या रंगाचे पट्टे आहेत, मातीला लाली आहे का, वाहनांच्या पाट्यांचा आकार काय, हे तपासले जाते. काही वेळा फोटो काढणारी गाडीच चुगली करते. केनियातल्या पुष्कळ फोटोंत तिच्या पुढच्या बाजूला हवा ओढणारा उंच नळ दिसतो. तो दिसला की बाकी काही पाहायची गरज उरत नाही. याला भूगोलाचे ज्ञान म्हणावे की कॉपी, असा वाद घालता येईल. पण जो खेळ अनेक वर्षे खेळला जातो, त्यात असली गुपिते साचणारच. २०२३ मध्ये स्टॉकहोम येथे या खेळाची जागतिक स्पर्धा भरली. पाठ केलेल्या खांब-खुंट्यांच्या बळावर काही सेकंदांत देश सांगणारे खेळाडू तिथे समोरासमोर आले.

फोटोत फेरफार करून गंमत करणे हे फोटोग्राफीइतकेच जुने आहे. फ्रान्सच्या इप्पोलीत बायार याने १८४० मध्ये स्वतःचाच ‘बुडून मेलेला माणूस’ म्हणून फोटो काढला. फोटो काढण्याच्या आपल्या शोधाची दखल घेतली गेली नाही, हा त्याचा राग होता. छायाचित्रकार ऑस्कर रेयलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र उभे केले. इंग्लंडमधील कॉटिंग्ली येथे १९१७ मध्ये दोन मावस बहिणींनी कागदी पऱ्या कापून झुडपांत उभ्या केल्या आणि फोटो काढले. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल त्याला भुलला. त्या दोघींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, आजीबाई झाल्यावर.

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि कात्री-गोंदाचे काम पडद्यावर होऊ लागले. पुढे त्याच्या जाहीर स्पर्धा सुरू झाल्या. एकच फोटो सर्वांना द्यायचा, प्रत्येकाने त्यातली आकृती उचलून आपल्या मनातल्या जागी बसवायची, आणि बाकीच्यांनी मत द्यायचे. उत्तम फेरफाराची परीक्षा सावलीत होते. आकृती कितीही सफाईने कापलेली असो, तिच्यावरचा उजेड डावीकडून आणि नव्या जागेतला उजवीकडून असेल, तर डोळा लगेच बिचकतो. पण खेळात सफाईलाच नेहमी बक्षीस मिळते असे नाही. मुद्दाम ओबडधोबड चिकटवलेली आकृतीही पुष्कळदा जास्त हसवते.

कोणता फोटो या खेळात चालेल हे आधी सांगता येत नाही, पण चालून गेल्यावर कारणे दिसतात. २० जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत सिनेटर बर्नी सँडर्स लोकरीचे मोठाले हातमोजे घालून, हाताची घडी करून, एकटेच खुर्चीत बसलेले टिपले गेले. एकदोन दिवसांत ते चंद्रापासून जुन्या तैलचित्रांपर्यंत सगळीकडे जाऊन बसले; रस्त्यांच्या फोटोंत त्यांना हव्या त्या पत्त्यावर बसवून देणारे संकेतस्थळसुद्धा निघाले. आकृती भोवतालापासून सुटी, कडा स्वच्छ, आणि चेहऱ्यावर ‘मला कुठेही बसवा, मी असाच बसेन’ असा भाव. कापून चिकटवायला याहून सोयीचे काय असणार?

रेखाटून ओळखण्याच्या खेळांत चित्र वाईट असणे हाच खेळाचा प्राण असतो. ‘ड्रॉ समथिंग’ २०१२ मध्ये अल्पावधीत घरोघरी गेले. २०१६ मध्ये आलेल्या गूगलच्या ‘क्विक, ड्रॉ!’मध्ये समोरचा गडी म्हणजे यंत्र. २० सेकंदांत रेखाटायचे आणि यंत्राने ओळखायचे. त्यातून जमलेली पाच कोटी रेखाटने, ३४५ विषयांची, नंतर सर्वांना खुली करण्यात आली. ईएसपी गेमची गोम इथे पुन्हा भेटते, फक्त यंत्र आता उघडपणे समोर बसलेले असते.

कधी खेळ कोणी रचावाही लागत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याच्या फोटोवरून लोक हमरीतुमरीवर आले. काहींना तो पांढरा-सोनेरी दिसे, काहींना निळा-काळा. झगा खरोखर निळा-काळा होता. फोटोतला उजेड कोणता मानायचा, हे प्रत्येकाचा मेंदू वेगळे ठरवत होता.

खेळासाठी स्वतःचा फोटो देताना एक गोष्ट तपासावी लागते. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. बरीच समाजमाध्यमे ही नोंद जाहीर फोटोतून काढून टाकतात. मूळ फाइल जशीच्या तशी धाडली, तर ती सोबत जाते. मग ‘मी कुठे आहे, ओळखा’ असे विचारणाऱ्याचे उत्तर खांब-खुंट्या न पाहताही मिळते.

अलीकडे ‘खरा फोटो की यंत्राने बनवलेला?’ हा खेळ रुजला आहे. सुरुवातीला बोटे मोजली की काम भागत असे, कारण यंत्राने काढलेल्या हातांना सहा-सात बोटे हमखास सापडत. ती खूण आता भरवशाची राहिली नाही. खेळणारे पाटीवरची अक्षरे, आरशातले प्रतिबिंब आणि दोन कानांतली वेगवेगळी कर्णभूषणे पाहू लागले आहेत, आणि अशी प्रत्येक खूण जाहीर झाली की पुढच्या डावात ती बाद ठरण्याची शक्यता वाढते.