संदेश प्रमाणीकरण

हाती आलेला संदेश वाटेत बदललेला नाही आणि ज्याच्या नावाने आला आहे त्यानेच तो पाठवला आहे, याची गणिती खात्री करून घेण्याची पद्धत. यातल्या पहिल्या गुणाला अखंडता म्हणतात, दुसऱ्याला अस्सलपणा. संदेश कूटबद्ध केला की हे दोन्ही आपोआप साधते, हा समज जितका सर्रास तितकाच चुकीचा.

अनेक कूटपद्धतींत संदेशाच्या प्रत्येक बिटची (० किंवा १ ची) गुप्त किल्लीपासून तयार केलेल्या बिटशी एक्सॉर क्रिया होते: दोन्ही बिट सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. अक्षरे आणि अंक बिटांत लिहिण्याच्या आस्की संकेतात १ हा अंक ००११०००१ असा, तर ९ हा ००१११००१ असा लिहिला जातो. फरक एकाच बिटचा. संदेशात रक्कम नेमकी कुठे आहे आणि १ कुठे पडतो एवढे ठाऊक असले, की कूटमजकुरातला तो बिट उलटवायचा. किल्लीला हातही न लावता १००० चे ९००० होतात आणि संदेश उलगडणाऱ्याला पत्ता लागत नाही. सीआरसीसारखी तपासबेरीज, म्हणजे संदेशाच्या बिटांवरून काढून सोबत जोडलेली संख्या, इथे कामाची नाही. ती तारेवरच्या गोंगाटासाठी असते, लबाडीसाठी नव्हे. वायफायवरचे संदेश सुरक्षित ठेवण्याच्या जुन्या वेप पद्धतीने सीआरसी-३२ वरच भिस्त ठेवली होती. ही बेरीज रेषीय असते, म्हणजे संदेशाचे कोणते बिट उलटवले की तिचे कोणते बिट उलटतात हे ठरलेले असते; त्यामुळे संदेशाबरोबर तीही हवी तशी बदलता येत असे.

उपाय म्हणजे दोघांकडेच असलेली गुप्त किल्ली आणि संदेश यांपासून काढलेला छोटा टॅग, म्हणजे पडताळणीची खूण. घेणारा तो स्वतः पुन्हा काढतो आणि जुळला नाही तर संदेश टाकून देतो. आधी किल्ली, नंतर संदेश असे जोडून त्याचा सरळ हॅश (कितीही लांब मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढणे मात्र घातक: एसएचए-२५६ सारख्या हॅश फलनात किल्ली माहीत नसतानाही शेपटाला मजकूर जोडून नवा वैध टॅग काढता येतो. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एचमॅक या टॅग काढण्याच्या पद्धतीत म्हणूनच हॅश दोनदा, एकात एक, घेतला जातो.

किल्ली दोघांकडे असल्याने टॅग कोणी काढला हे तिऱ्हाइताला पटवता येत नाही. तिथे डिजिटल स्वाक्षरी लागते: खासगी किल्लीने करायची, सार्वजनिक किल्लीने कोणीही तपासायची. ही कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. स्वाक्षरी बहुधा हॅशवर होते, त्यामुळे एकच हॅश देणारे दोन दस्तऐवज बनवता आले की एकावरची सही दुसऱ्यालाही चालते. एमडी५ या हॅश फलनात अशी जोडी २००४ साली सापडली, एसएचए-१ मध्ये २०१७ साली.

जुना, अस्सल संदेश कोणी जसाच्या तसा पुन्हा पाठवला तर टॅग बरोबरच जुळतो. म्हणून संदेशाला क्रमांक देऊन तोही टॅगच्या हिशेबात धरतात.