रॅमची लय आणि दुगुन

गणपतीला महिना उरला की आमचा भाचा सिडकोतल्या आमच्या घरी वस्तीलाच असतो. त्याच्या ढोलपथकाचा सराव पंचवटीत, पण सरावाचे व्हिडिओ जोडायला माझा कॉम्प्युटर लागतो, कारण माझ्याकडे रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, जास्त. परवा एक व्हिडिओ तयार होत असताना त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेला आणि थांबला.

“मामा, तू रॅम कितीची घेतली होतीस?”

“बत्तीसशेची. पाकिटावर ठळक लिहिलंय.”

“मग इथे २१३३ का दिसतंय?”

पाकीट शोधलं. ३२००च होतं. म्हणजे अडीच वर्षं मी पैसे एका वेगाचे दिले आणि वापरला दुसराच. पहिला संशय अर्थात दुकानदारावर गेला. खात्री करायला भाच्याने ‘सीपीयू-झेड’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडलं, तर तिथे आकडा आणखी निम्मा, १०६६!

या निम्म्याचं कोडं त्याला चटकन सुटलं, कारण दहावीपर्यंत तो तबला शिकलाय. लय तीच ठेवून एका मात्रेत दोन बोल वाजवले की दुगुन होते. आपल्या रॅमच्या नावातलं ‘डीडीआर’ म्हणजे हीच दुगुन. विजेचा ठोका वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, असा एका ठोक्यात दोनदा माहितीचा बिट पाठवला जातो. ३२००च्या रॅममध्ये ठोके सेकंदाला १६० कोटी, म्हणजे १६०० मेगाहर्ट्झ. बोल ३२० कोटी. पाकिटावर बोल मोजतात, सीपीयू-झेड ठोके मोजतं. जुन्या विंडोजमध्ये ३२००च्या पुढे मेगाहर्ट्झ लिहिलेलं असायचं, ते खरं तर चूकच. नव्या विंडोजमध्ये ‘एमटी/एस’ दिसतं, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष बोल.

त्याच पाकिटावर ‘सीएल १६’ असंही लिहिलेलं होतं. प्रोसेसरने अमुक ठिकाणची माहिती मागितल्यावर पहिला बिट बाहेर यायला किती मात्रा, म्हणजे ठोके, लागतात, तो हा आकडा. सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन! ३२००च्या रॅममध्ये एक मात्रा ०.६२५ नॅनोसेकंदाची, म्हणजे आवर्तन १० नॅनोसेकंदांत पुरं. माझी रॅम २१३३वर रेंगाळत होती तेव्हा मात्रा पंधराच होत्या, पण लय विलंबित, म्हणून वेळ लागत होता १४ नॅनोसेकंद. नुसत्या मात्रा मोजून फसायला होतं ते असं. बाजारात ‘३२००, सीएल २२’ अशाही स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, मिळतात. वेग तोच, पण पहिल्या बिटाला पावणेचौदा नॅनोसेकंद. घेताना दोन्ही आकडे बघावेत. मी एकच बघितला होता, नशिबाने दुसरा बरा निघाला.

मग रॅम आपणहून ३२००ला का धावत नाही? प्रत्येक स्टिकवर, काळ्या मोठ्या चिपांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याहून लहान अशी एक चिप असते. डीडीआर४मध्ये, म्हणजे माझ्या रॅमच्या पिढीत, तिची क्षमता ५१२ बाइट, जेमतेम पोस्टकार्डभर मजकूर. कॉम्प्युटर सुरू होताना मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, आधी हे पोस्टकार्ड वाचतो. त्यात ‘जेडेक’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांतले, १.२ व्होल्टवर कुठल्याही बोर्डावर चालतील असे सावध वेग असतात. आणि खाली, वेगळ्या रकान्यात, कंपनीने स्वतः तपासलेला वेग असतो: ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट. या रकान्याला ‘एक्सएमपी’ म्हणतात. तो इंटेलने २००७ मध्ये आणला. एएमडीने डीडीआर५साठी आपला ‘एक्स्पो’ २०२२ मध्ये काढला. बोर्ड हा खालचा रकाना वाचतो, पण तुम्ही सांगितल्याशिवाय पाळत नाही. दुकानदाराची चूक नव्हती. बोर्डाला सांगायला हवं होतं ते मीच सांगितलं नव्हतं.

बोर्डाचा हा सावधपणा उगाच नाही. केसचं झाकण काढून टॉर्च मारली तर प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या तांब्याच्या रेघा दिसतात. काही सरळ, काही मुद्दाम नागमोडी वळवलेल्या. ३२००च्या वेगात एका बिटाच्या वाट्याला सुमारे ०.३१ नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाश मोकळ्या जागेत सुमारे ९.४ सेंटिमीटर जातो, बोर्डावरच्या तांब्यात संकेत त्याच्या निम्मा. म्हणजे एक बिट मुक्कामी पोचायच्या आत मागचा निघालेला असतो. डेटाच्या तारा ६४. त्यांचे आठ-आठचे गट, आणि प्रत्येक गटाला ठोका देणारी स्वतःची तार: आठ ढोलांमागे एक ताशा म्हणा. गटातली एखादी तार आखूड असेल तर तिचा ढोल आधी वाजेल, म्हणून तिला वळणं देऊन लांब करतात. तरीही उरलेला फरक बोर्ड सुरू होताना चाचपून जुळवून घेतो. याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात. भाच्याच्या मते हा पथकाचा सरावच. फक्त पथकाला महिना लागतो.

झाकण उघडलंच होतं, तेव्हा माझा दुसरा पराक्रमही उघड झाला. दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी बसवलेल्या, त्यामुळे चार स्लॉटच्या या बोर्डावर प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन मार्गांपैकी एकच वापरात. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या हलवल्या. मार्ग दुप्पट झाले, आणि खरं सांगायचं तर नुसत्या वेगापेक्षा याचाच फायदा मोठा.

मग चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेलो आणि एक्सएमपी ‘प्रोफाइल १’ केलं. सेव्ह. स्क्रीन काळी, पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. एवढ्या वेळात मी मनातल्या मनात नवा मदरबोर्ड घेऊन झालो होतो. पण ट्रेनिंग फसलं तरी बहुतेक बोर्ड दोन-चार प्रयत्नांनंतर आपणच सावध वेगावर परततात. अगदीच अडलं तर वीज बंद करून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवायचा. आमचं अडलं नाही. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० आलं.

फरक किती पडतो? एका मार्गातून सेकंदाला १७ गिगाबाइट जात होते, तिथे आता २५.६ जातात. पण एक्सेल आणि मराठी टायपिंगला ते कळणारही नाही. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल आणि गेम खेळत असाल तर मात्र जाणवतं, कारण तेव्हा चित्रंही याच रॅममधून जातात.

कॉम्प्युटर चालू झाला म्हणजे झालं, असं नाही. प्रोसेसर कंपन्या एक्सएमपीला ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणंच, मानतात, आणि अब्जावधींत एखादा बिट चुकला तरी स्क्रीन काही बोलत नाही. महिन्याभराने एखादा फोटो उघडत नाही तेव्हा कळतं. म्हणून पेनड्राइव्हवरून रॅमच्या चुका शोधणारा ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर लावून ठेवला. रात्री दीडला लाइट गेली. दुसऱ्या रात्री पुन्हा लावला. सकाळी चुका शून्य.

हे बघून भाच्याने घरी जाऊन स्वतःच्या कॉम्प्युटरचीही झडती घेतली. संध्याकाळी फोन आला. “मामा, माझी पण बत्तीसशेचीच आहे, पण सेटिंगमध्ये २६६६च्या वर आकडाच नाही.”

बोर्ड कुठला ते विचारलं. एच४१० चिपसेटचा, वर आय५-१०४०० प्रोसेसर. त्या जोडीला कमाल २६६६च. रॅम कितीही चांगली लावली तरी.

“म्हणजे मी तुझ्यापेक्षा महाग फसलो,” तो म्हणाला, आणि सरावाला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला.