सिगरेट सुटली, निकोटीन चालू आहे, तरी मूड का पडतो?

माझा एक मित्र, पंधरा वर्षं रोज एक पाकीट ओढणारा, त्याने सिगरेट बंद करून व्हेप (निकोटीनचं लिक्विड गरम करून त्याची वाफ ओढायचं यंत्र) हातात घेतलं आणि पाचव्या दिवशी मला फोन केला. म्हणाला, अरे चिडचिड होईल, डोकं दुखेल हे सगळं ऐकून होतो, त्याची तयारीही होती, पण मला नुसतं रडू येतंय, काही झालेलं नाही, कुणी काही बोललेलं नाही, आणि मी बाथरूमचं दार लावून रडतोय, हे काय आहे? आणि वर त्याचा प्रश्न अगदी रास्त होता: निकोटीन तर मिळतंय ना मला, मग शरीराला अजून काय पाहिजे?

याचं सरळ उत्तर म्हणजे सिगरेट ही नुसती निकोटीनची नळी नव्हे. व्हेपमधून निकोटीन येतं, धुरातलं बाकीचं बरंच काही येत नाही. त्या बाकीच्यातलं बहुतेक सगळं घातकच असतं, डांबर, कार्बन मोनॉक्साइड वगैरे, ते गेलं तर बरंच झालं. पण त्यातल्या एक-दोन गोष्टींची मेंदूला आणि लिव्हरला इतक्या वर्षांची सवय झालेली असते, त्यामुळे त्या एकदम थांबल्या की काही दिवस सगळं गणित बिघडतं. म्हणून तक्रार एकच, ‘मूड पडलाय’, पण तिच्यामागे कारणं वेगवेगळी असतात आणि उपाय कारण बघून ठरतो.

आधी सगळ्यात साधं कारण. सिगरेटचा झुरका घेतला की साधारण १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, तिथल्या रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या ठरलेल्या जागांना, चिकटतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. एका सिगरेटमधे साधारण दहा झुरके धरले तर रोज वीस सिगरेटी म्हणजे दिवसाला दोनशे वेळा हा खेळ, पंधरा वर्षांत जवळजवळ अकरा लाख वेळा! इतका सराव आपण आयुष्यात दुसऱ्या कशाचाच केलेला नसतो. आता व्हेपमधून निकोटीन मिळतं खरं, पण किती आणि किती वेगाने ते यंत्रावर, लिक्विडच्या ताकदीवर आणि ओढायच्या पद्धतीवर ठरतं. सिगरेटचा झुरका छोटा आणि जोरात असतो, व्हेपचा हळू आणि लांब घ्यावा लागतो, आणि नवीन माणसाला ते जमेपर्यंत त्याच यंत्रातून सराईत माणसापेक्षा बरंच कमी निकोटीन मिळतं. त्यात बरेच जण पहिल्याच दिवशी शूरपणा करून सगळ्यात हलकं लिक्विड घेतात, की आता सोडतोच आहोत तर निकोटीन पण कमी करू. मग होतं काय, तुम्हाला वाटतं तुम्ही व्हेपवर आहात, आणि शरीर मात्र अर्धं निकोटीन तोडलेल्या अवस्थेत असतं. रक्तातलं निकोटीन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, त्यामुळे सकाळी उठल्यावर मूड सगळ्यात वाईट असेल, बेचैनी, भूक आणि लक्ष न लागणं सोबत असेल, आणि चार झुरके घेतल्यावर थोडं हलकं वाटत असेल तर दुखणं बहुतेक डोसचंच आहे. अशा वेळी ताकद तात्पुरती वाढवणं हा पराभव नाही, उलट सिगरेटकडे परत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त मळमळ, गरगरणं, छातीत धडधड व्हायला लागली तर गडबड उलट्या बाजूची आहे, डोस जास्त होतोय.

पण माझ्या मित्राची ताकद व्यवस्थित होती. त्याला तलफ फार येतच नव्हती, नुसतं उदास वाटत होतं. इथे मला स्वतःला या विषयातला सगळ्यात भारी वाटणारा भाग येतो, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर टीबीच्या रुग्णांना इप्रोनायझिड नावाचं नवीन औषध देऊन बघत होते. तेव्हा लक्षात आलं की फुफ्फुसाचं जे काय व्हायचं ते होतंय, पण रुग्ण भलतेच खुशीत आहेत, इतके आजारी लोक आणि वॉर्डात उत्साह! पुढे कळलं की हे औषध मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं. या एन्झाइमचं काम म्हणजे झाडलोट, वापरून झालेलं डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन तोडून टाकायचं. झाडणाराच सुट्टीवर गेला तर ही रसायनं जास्त वेळ टिकतात आणि मूड वर राहतो. डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांचा एक सबंध गट यातून निघाला.

आता सिगरेटशी याचा काय संबंध? १९९६ मधे अमेरिकेतल्या ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरीत जोअॅना फाउलर आणि त्यांच्या टीमने सिगरेट ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूतली रसायनं दाखवणारे स्कॅन) काढले. या एन्झाइमचे ए आणि बी असे दोन प्रकार असतात, ओढणाऱ्यांच्यात त्यातला बी प्रकार न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी दिसला. ए प्रकारही कमीच निघाला, साधारण २८ टक्के. आणि गंमत म्हणजे हे निकोटीन करत नाही, तंबाखूच्या धुरातली दुसरी रसायनं करतात. म्हणजे ओढणारा माणूस नकळत रोज दिवसभर एका सौम्य डिप्रेशनच्या औषधासारखं काहीतरी आत घेत होता, अर्थात कॅन्सरच्या वेष्टनात गुंडाळलेलं.

धूर बंद झाला की झाडणारा सुट्टीवरून परत येतो. २०११ साली कॅनडात झालेल्या एका स्कॅन अभ्यासात खूप सिगरेट ओढणाऱ्यांना फक्त आठ तास सिगरेटीशिवाय ठेवलं, तर मेंदूच्या पुढच्या भागात ए प्रकारचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांपेक्षाही सुमारे २५ टक्क्यांनी वर गेलेलं दिसलं. म्हणजे झाडणारा नुसता आला नाही, चिडून आला आणि दुप्पट जोमाने कामाला लागला! हा आकडा सिगरेट तोडल्यावरचा आहे, व्हेपवर गेलेल्यांचा नाही, त्यामुळे माझ्या मित्राचं रडणं यामुळेच होतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण तलफ नाही, चिडचिड फार नाही, आणि तरी सगळं बेचव, रंग उडाल्यासारखं वाटतंय, हे चित्र या गोष्टीशी चांगलं जुळतं. निकोटीन वाढवून या प्रकारावर फारसा उपयोग होत नाही, याला वेळच द्यावा लागतो. (आणि कृपा करून कुणी हे वाचून हे एन्झाइम बंद पाडणारी औषधं स्वतःच्या मनाने शोधू नका, त्यांच्यासोबत खाण्यापिण्याची आणि इतर औषधांची कडक पथ्यं असतात.)

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. कॉफी. किंवा चहा, कॅफीनचं काहीही.

लिव्हरमधे सीवायपी१ए२ नावाचं एक एन्झाइम असतं जे कॅफीन फोडून बाहेर काढतं. सिगरेटच्या धुरातले डांबरी पदार्थ हे एन्झाइम वाढवून ठेवतात, त्यामुळे ओढणाऱ्या माणसाचं कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने निघून जातं, म्हणून तर बऱ्याच ओढणाऱ्यांना दिवसाला पाच-सहा कप पचतात आणि रात्री झोपही लागते. हे कामही निकोटीनचं नाही, धुराचं. व्हेपवर आलात की काही दिवसांत ते एन्झाइम खाली येतं, कप मात्र तेवढेच राहतात, आणि रक्तातलं कॅफीन दुपटीच्या वर जाऊ शकतं. मग हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री दोन वाजता टक्क डोळे उघडे, दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेने डोकं जड आणि मन कोमेजलेलं, आणि माणूस समजतो की हे सिगरेट सोडल्यामुळे होतंय, म्हणजे माझ्याच्याने हे होणार नाही. मी मित्राला पहिला प्रश्न हाच विचारला, कॉफी किती? सहा कप, म्हणाला, हल्ली जरा जास्तच, कारण सिगरेट नाही ना! तीन कर म्हटलं, आणि दुपारनंतर एकही नको. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि मला वाटतं सिगरेट सोडवणाऱ्या सल्ल्यात हा पहिल्या ओळीत यायला पाहिजे, पण कोण सांगतंच नाही.

याच एन्झाइमची एक गंभीर बाजू आहे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं याच वाटेने शरीराबाहेर जातात. ती चालू असताना सिगरेट बंद केली, मग व्हेप घेतलं तरी, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढून त्रास होऊ शकतो. ही औषधं घेणाऱ्याने सिगरेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, नंतर नाही. डोस परस्पर कमी पण करायचा नाही.

आता रसायनं बाजूला ठेवू. सिगरेटला सुरुवात असते आणि शेवट असतो. पेटवली, पाच मिनिटं, थोटूक विझवलं, संपलं, चला कामाला. ती पाच मिनिटं माणूस उठतो, बाहेर जातो, आभाळ बघतो, कुणाशी दोन शब्द बोलतो. व्हेपला शेवटच नाही, ते टेबलावर पडलेलं असतं आणि काम करता करता दिवसभर तोंडात जातं, त्यामुळे निकोटीन मिळतं पण सुट्टी मिळत नाही. निकोटीन काढून टाकलेल्या सिगरेटी देऊन केलेल्या प्रयोगांत असं दिसलंय की नुसता धूर, घशातली ती चुरचुर, हाताची हालचाल एवढ्यानेसुद्धा तलफ बऱ्यापैकी शमते, म्हणजे सवयीचा वाटा किती मोठा ते बघा. म्हणून मला वाटतं व्हेप पण सिगरेटसारखंच घ्यावं, ठरवून, उठून, बाहेर जाऊन, दहा-बारा झुरके आणि परत खिशात. आणि दिवसातले एक-दोन ब्रेक तरी काहीही न ओढता घ्यावेत, त्याच वेळी, त्याच माणसांसोबत जमलं तर उत्तमच. भरभर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी तलफ तेवढ्यापुरती खाली येते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि मूडलाही त्याचा फायदा होतो.

उदासी आली की मनात एकच विचार येतो, सिगरेट होती तेव्हा मी आनंदी होतो. इथे जरा हिशोब करू. सिगरेटने जे बरं वाटायचं त्यातलं बरंचसं म्हणजे आधीच्या सिगरेटचा अंमल उतरल्यामुळे आलेली बेचैनी मिटणं, म्हणजे स्वतःच केलेलं कर्ज तासा-तासाने फेडायचं आणि फेडल्याचा आनंद मानायचा. २०१४ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे २६ अभ्यास एकत्र करून बघितलेला आढावा आला, त्यात सिगरेट सुटलेल्यांचं डिप्रेशन, अँक्झायटी, ताण हे सगळं चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी झालेलं होतं, आणि आधीपासून मानसिक त्रास असलेल्यांमधेही फायदा तेवढाच होता. पण हे चित्र पहिल्या सहा-आठ आठवड्यांच्या पुढचं आहे. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, हा साधारण क्रम. मधल्या काळात ‘एकच सिगरेट ओढून बघतो’ केलं की धुरातलं सगळं परत आत येतं, घड्याळ पुन्हा मागे जातं, आणि व्हेप व सिगरेट दोन्ही चालू राहायला लागल्या की फुफ्फुसाला आणि हृदयाला फायदा जवळपास शून्य.

मात्र सगळी उदासी सिगरेटच्या खात्यावर मांडू नका. दोन आठवड्यांहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन पडलेलं असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, किंवा आधी कधी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जगणं नको वाटायचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जा, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन. काहींना डिप्रेशन आधीपासून असतं आणि सिगरेटखाली झाकलेलं राहतं. आणि व्हेप हाच एक रस्ता आहे असंही नाही, कित्येक देशांत तर त्याच्यावर कायद्याने बंदी आहे. निकोटीनचे पॅच आणि गम आहेत, व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी गोळी आहे, आणि ब्युप्रोपिऑन तर मुळात डिप्रेशनचंच औषध, ज्याने सिगरेटही सुटते. या दोन गोळ्यांनी मन बिघडतं अशी भीती पूर्वी होती, पण २०१६ मधे आठ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तसा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही.

व्हेपबद्दल एक आकडा मला नेहमी दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा वाटतो. २०१९ साली ब्रिटनमधे ८८६ लोकांवर झालेल्या चाचणीत वर्षाअखेर व्हेपवाल्या गटात १८ टक्के लोकांची सिगरेट सुटलेली होती, पॅच-गमवाल्या गटात ९.९ टक्के. पण व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. म्हणजे निकोटीनची उधारी संपलेली नसते, पुढे ढकललेली असते, ताकद कमी करायला घेतली की ती परत दार वाजवते, आणि तेव्हा परत थोडे दिवस मन खट्टू होतं. जो कधीच ओढत नव्हता त्याने ही उधारी मुळातच कशाला घ्यायची.

माझ्या मित्राचं रडणं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. कॉफी तीनवर आली, झोप सुधारली, संध्याकाळी चालायला जायला लागला. आता दर दीड-दोन महिन्यांनी लिक्विडची ताकद एक पायरी खाली आणतो, आणि आणली की मला आधी मेसेज टाकून ठेवतो, दोन-तीन दिवस फोन नाही उचलला तर समजून घे.