१ ऑगस्ट आणि बांगला धून

महाराष्ट्रात १ ऑगस्ट म्हटलं की लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती आठवते. दोन्ही १९२० मधल्या एकाच दिवसाच्या. जगभरातले रॉकचे रसिक या तारखेला आणखी एक आठवण काढतात. १ ऑगस्ट १९७१, रविवार, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. एखाद्या संकटासाठी मोठमोठ्या रॉक कलाकारांनी एकत्र यायचं आणि पैसा उभा करायचा, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

दरवर्षी या दिवसावर लिहून येतं, छायाचित्रं फिरतात. पांढऱ्या सुटातला, बीटल्स या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन, गळ्यात हार्मोनिका अडकवलेला बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार. पंडित रविशंकर यांचा उल्लेख एका ओळीत उरकतो: कार्यक्रमाची सुरुवात सतारवादनानं झाली. मला हे फार खटकतं. ज्यांच्या जिवाची तगमग होऊन हा कार्यक्रम उभा राहिला, त्यांना त्याच कार्यक्रमाच्या आठवणीत दारापाशी बसवलं जातं. म्हणून ही गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी.

सुरुवात करावी लागते १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीपासून. पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं आणि किमान तीन लाख माणसं गेली. मदत पोचवण्यात पश्चिम पाकिस्तानातल्या लष्करी राजवटीनं दाखवलेली बेपर्वाई बंगाली माणूस विसरला नाही. पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्वेकडच्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. हे बहुमत मान्य करण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली. लोक सीमा ओलांडून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम आणि मेघालयात येऊ लागले. पाऊस आला, छावण्यांत पटकी पसरली. वर्ष संपेपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांचा आकडा एक कोटीच्या घरात गेला. त्यांचा भार सामान्य भारतीयांनीही उचलला. १५ नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्राला निर्वासितांसाठी ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. त्या काळात पत्रं लिहिलेल्यांना ते नक्की आठवत असेल.

रविशंकरांचा जन्म वाराणसीचा, पण वडिलांचं मूळ घराणं नडाइलकडचं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूरचे. गुरुपुत्र उस्ताद अली अकबर खाँ यांचा जन्मही शिबपूरचाच. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये बसून रविशंकर वर्तमानपत्रं वाचत होते, तेव्हा ज्या मुलखाची बातमी येत होती तो त्यांच्या आणि त्यांच्या गुरूच्या नातेवाइकांचा मुलूख होता. आपण एक कार्यक्रम करावा, २५ हजार डॉलर जमले तर पाठवावेत, असं त्यांच्या मनात होतं. रक्कम गरजेपुढे किती तोकडी आहे, हेही त्यांना कळत होतं. जून महिन्यात त्यांनी ही गोष्ट हॅरिसनच्या कानावर घातली.

हॅरिसनच का, याचं उत्तर मुंबईपर्यंत येतं. दोघांची भेट १९६६ मध्ये लंडनला झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन सतार शिकायला मुंबईत आला. ओळख लपवायला मिशा वाढवल्या होत्या आणि ताजमध्ये खोली दुसऱ्याच नावानं घेतली होती. तरी बातमी फुटली, हॉटेलबाहेर गर्दी जमली आणि गुरु-शिष्यांना काश्मीरची वाट धरावी लागली. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यानं काही ध्वनिमुद्रण केलं. त्यातलीच एक रचना मार्चमध्ये बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ या नावानं आली. हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या एकल तबकडीवर येण्याची ती पहिली वेळ, आणि त्यातली वाद्यं वाजली होती मुंबईत. सतारीत आपण कधीच पारंगत होणार नाही हे ओळखून तो पुढे गिटारकडे परतला. नातं मात्र गुरु-शिष्याचं, मित्रांचं आणि बाप-लेकाचं असं एकाच वेळी राहिलं.

म्हणूनच त्यानं २५ हजारांवर समाधान मानलं नाही. पुढचे सहाएक आठवडे तो फोनला चिकटून होता. ऑगस्टचे पहिले दिवस चांगले आहेत असं एका भारतीय ज्योतिष्यानं सांगितलं होतं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्या दिवसांत फक्त रविवारी, १ तारखेला मोकळं होतं. आज आपण जिचं स्मरण करतो ती तारीख अशी ठरली.

माणसं जमवणं जास्त कठीण होतं. बीटल्स फुटून वर्ष झालं होतं, कोर्टकज्जे चालू होते. पॉल मॅकार्टनी आला नाही, जॉन लेननही आला नाही, रिंगो आला. क्लॅप्टन तेव्हा हेरॉइनच्या विळख्यात होता, तो उभा राहू शकेल की नाही याची शेवटपर्यंत खात्री नव्हती. डिलन दोन वर्षं मोठ्या मंचापासून दूर होता. हॅरिसननं गिटारवर चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत डिलनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. खुद्द हॅरिसनला तरी पुढे उभं राहून सबंध कार्यक्रम सांभाळायची सवय कुठे होती? बीटल्सनं १९६६ नंतर दौरे बंद केले होते, आणि तेव्हाही तो लेनन-मॅकार्टनीच्या बाजूला उभा असे.

दुपारी अडीच आणि रात्री आठ, असे दोन प्रयोग झाले. मिळून चाळीस हजार श्रोते. आधी हॅरिसन आला आणि त्यानं भारतीय संगीत जरा गांभीर्यानं ऐका अशी विनंती केली. मग रविशंकरांनी आमचं वादन चालू असताना धूम्रपान करू नका असं सांगितलं. ही विनंती उगाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी वुडस्टॉकला पावसात, चिखलात लोळणारे नशेतले श्रोते पाहून त्यांना डबक्यात बसलेल्या म्हशी आठवल्या होत्या, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. आपल्या संगीताची तशी जत्रा त्यांना पुन्हा नको होती, त्यातून त्या दिवशी तर मुळीच नको होती.

मंचावर सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. अल्लारखा मूळचे जम्मूकडचे, पण संसार मुंबईत. वाद्यं लावून घेण्यात दीडेक मिनिट गेलं आणि वादक थांबताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. रविशंकर म्हणाले, वाद्यं लावणंच एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग आजही विनोद म्हणून सांगितला जातो. पण मला त्या टाळ्यांत हसण्यासारखं काही दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा सतार-सरोद समोर ऐकणारी हजारो तरुण मुलं ती, तरफेच्या तारा जुळताना उठणारा झंकार त्यांना खरोखरच सुंदर वाटला असेल. मैफलीला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना तो तसाच आवडतो.

त्यानंतर आली ‘बांगला धून’. पूर्व बंगालच्या लोकसंगीतावर बेतलेली सतार-सरोदची जुगलबंदी, आधी दादरा, मग त्रिताल. ध्वनिमुद्रिकेवर ती साधारण सोळा-सतरा मिनिटं चालते. एवढ्या मोठ्या सभागृहाला आणि घाईच्या वेळापत्रकाला त्यांनी काही सोपं, चमकदार दिलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी ज्या मातीसाठी हे सगळं चाललं होतं तिचाच सूर वाजवला. जुगलबंदी करणारे दोघे त्याच मातीतल्या एका गुरूकडे शिकलेले. शेवटच्या सवालजवाबात अल्लारखांचा तबला दोघांनाही असा काही पळवतो की कितीदाही ऐकलं तरी अंगावर काटा येतो.

मध्यंतरात निर्वासितांची दृश्यं असलेली डच दूरचित्रवाणीची फिल्म दाखवली. नंतरचा रॉकचा भाग जगाला ठाऊक आहे. बिली प्रेस्टन, लिऑन रसेल, हॅरिसन आणि क्लॅप्टनच्या गिटारी, आणि प्रश्नचिन्ह पुसत मंचावर आलेला डिलन. शेवटी हॅरिसननं या प्रसंगासाठी लिहिलेलं ‘बांगला देश’ गायलं. एक मित्र दुःख घेऊन आला आणि त्यानं मदत मागितली, अशी त्या गाण्याची सुरुवात आहे. म्हणजे गाण्यातही रविशंकर पहिल्या ओळीलाच भेटतात.

या नावाचं महत्त्व आज पटकन ध्यानात येत नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेश नावाच्या देशाला कुणाचीच मान्यता नव्हती. अमेरिकेचं सरकार तर उघडपणे पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांच्या बाजूचं होतं. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच तारेनं कत्तलीची आणि आपल्या सरकारच्या मौनाची तक्रार केली होती, ती दडपली गेली. कारण चीनशी गुप्त बोलणी पाकिस्तानमार्फत चालली होती. जुलैत हेन्री किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला जाऊन आले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या सर्वांत प्रसिद्ध सभागृहावर बांगलादेशाचं नाव झळकलं. एका दिवसात सगळ्या जगाला हे नाव कळलं, असं रविशंकर पुढे सांगत. भारतानं ६ डिसेंबरला मान्यता दिली, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. मैफलीचा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये २३ मार्च १९७२ रोजी लागला. अमेरिकेची अधिकृत मान्यता त्याच्याही नंतर, ४ एप्रिलला आली.

पैशांची कथा मात्र क्लेशकारक आहे. तिकीटविक्रीचे २,४३,४१८ डॉलर ५० सेंट थोड्याच दिवसांत युनिसेफकडे गेले. खरी मोठी रक्कम येणार होती तीन तबकड्यांच्या संचातून आणि चित्रपटातून. पण कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांशी बांधलेले, नफा कुणी सोडायचा यावर महिनोन्‌महिने घोळ झाला. वैतागून हॅरिसननं नोव्हेंबरात अमेरिकी टीव्हीवर जाहीरपणे तोंडसुख घेतलं. संच अखेर अमेरिकेत २० डिसेंबरला आला, ढाक्यातल्या शरणागतीनंतर चार दिवसांनी. ज्या छावण्यांसाठी तो काढला होता, तिथली माणसं तेव्हा परतीची वाट पाहत होती. १९७३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, त्यात रविशंकरांचंही नाव होतं.

त्याहून मोठा अडथळा करांचा. कार्यक्रमाआधी युनिसेफच्या नावानं रीतसर नोंदणी करायची राहून गेली होती, त्यामुळे अमेरिकी करखात्यानं उत्पन्न अडवून धरलं. ब्रिटिश सरकारनंही विक्रीवरचा कर माफ करायला नकार दिला. हॅरिसनला स्वतःच्या खिशातून दहा लाख पौंडांचा धनादेश ब्रिटिश तिजोरीला द्यावा लागला. उपाशी माणसांसाठी केलेल्या कामावर एका माणसानं एवढा कर भरावा, हे वाचताना आजही राग येतो. अडकलेला पैसा तुकड्यातुकड्यांनी सुटत गेला आणि १९८५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर पोचले. त्याच वर्षी १३ जुलैला ‘लाइव्ह एड’ ही अशीच मोठी मदतीसाठीची मैफल झाली.

हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. बरोबर एक वर्षानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी त्याच्यासाठी मैफल केली. क्लॅप्टन, रिंगो, बिली प्रेस्टन, १९७१ च्या मंचावरचे कितीतरी चेहरे तिथे होते, या वेळी पॉल मॅकार्टनीसुद्धा. सुरुवात पुन्हा भारतीय संगीतानंच झाली. ऐंशी ओलांडलेल्या रविशंकरांनी त्याच्यासाठी ‘अर्पण’ ही रचना बांधली होती आणि वादकवृंदासमोर त्यांची मुलगी अनुष्का उभी होती. त्याच्या आधी अनुष्काच्या सतारीच्या साथीनं एक जुनं गाणं झालं. ते होतं ‘द इनर लाइट’, चौतीस वर्षांपूर्वी मुंबईच्या स्टुडिओत वाजलेलं.